देवमाशाचा श्वास

गुडुप.

एवढासाच आवाज, पण रात्रभर पडलेल्या बर्फानं घर असं काही गुंडाळून ठेवलं होतं, की स्वयंपाकघरात मिसोचं सार ढवळणाऱ्या चिझुरुलाही तो स्पष्ट ऐकू आला. तिनं डाव हातातच ठेवून सरकतं दार बोटभर लोटलं.

कोतो जागी होती. पाच वर्षांची पोर, रजईतून फक्त डोळे आणि विस्कटलेली झुलपं बाहेर. उशाशी पांढऱ्या प्लास्टिकचा देवमासा बसला होता, दोन लिटर पाण्याचं पोट घेऊन. त्याच्या डोक्यातल्या भोकातून थंड धुकं निघून पोरीच्या गालावर उतरत होतं. पोटातलं पाणी जरा खाली गेलं की एक बुडबुडा वर यायचा आणि तो आवाज व्हायचा.

"घोट घेतला त्यानं," कोतो कुजबुजली. "आई, देवमासा पाणी पितो आणि धूर सोडतो. आजी म्हणते, आजोबा पण साके प्यायले की असंच करायचे."

चिझुरुला हसू आलं. कपाळाला हात लावला, तर किंचित कोमट. थर्मामीटर काखेत धरला: सदतीसच्या जरा वर. खोकला आठवडाभराचा. डॉक्टर म्हणाले होते, साधी सर्दी आहे, खोलीतली हवा कोरडी पडू देऊ नका आणि बरं वाटेपर्यंत स्नानघरात नेऊ नका. दुसऱ्याच दिवशी सासूबाई बसनं जाऊन हवा ओलसर ठेवणारा हा देवमासा घेऊन आल्या होत्या. त्याला पाच दिवस झाले. पोर त्याला ‘शुभ रात्री’ म्हटल्याशिवाय डोळे मिटत नव्हती.

"आज पाण्याला काय विचारणार तू?" कोतोनं विचारलं. हा त्यांचा रोजचा खेळ होता. आई काम काय करते, हे पोरीला सांगायचं तर दुसरं कसं सांगणार?

"रोजचंच. तुझ्यात कोण राहतं, म्हणून विचारणार."

"आणि ते खोटं बोललं तर?"

"पाणी खोटं नाही बोलत ग. फक्त फार हळू बोलतं. म्हणून आई कान लावून बसते."

तेवढ्यात दारातली घंटी किणकिणली आणि सासूबाई, फुसाए, आत आल्या. वय एकोणसत्तर, गाल लाल, डोक्यावर टॉवेल. उंबऱ्याबाहेर त्यांची बर्फावरची सरकगाडी उभी होती. तिच्यावर दोन ब्रश, एक घमेलं आणि झाकण लावलेला पांढरा कॅन. पहाटे उत्तर आळीच्या स्नानघरात जाऊन हौद घासायचा, हे त्यांचं काम. अठरा घरांचं मिळून एक स्नानघर, आणि त्याची राखण करणारी ती ‘युमोरी’. आधी त्यांचे यजमान युमोरी होते. ते गेल्यावर अठरा घरांनी एकमतानं फुसाएंना बसवलं. बाई युमोरी झाल्याची त्या खोऱ्यातली ती पहिलीच वेळ.

"चिझुरु-सान, पोरीला आज तरी माझ्याबरोबर पाठवा. आठ दिवस घरातल्या टबात बसून बसून लोणचं झालंय तिचं."

"डॉक्टरांनी नको म्हटलंय, आई."

"डॉक्टर शहरातला. त्याला पाणी म्हणजे नळ." फुसाएंनी टॉवेल झटकला. "आणि तुम्ही लोक! पाण्यात न उतरताच त्याची कुंडली मांडता. माझा हौद बघा, चाटून घ्यावा असा लख्ख आहे."

हौद खरंच लख्ख असायचा. चिझुरुनं डबा भरला, पोरीच्या केसांत नाक खुपसून एक खोल श्वास घेतला आणि निघाली.

*

चिझुरुची पाणी तपासायची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या गावी, गाडीनं चाळीस मिनिटं. दोन आठवड्यांत खोऱ्यातले दोन म्हातारे न्यूमोनियानं रुग्णालयात गेले होते, त्यातला एक नळ्यांवर होता. दोघेही गरम झऱ्यांच्या स्नानघरांत रोज जाणारे. पण खोऱ्यात असं न करणारा कोण आहे? आरोग्य खात्यानं अकरा स्नानघरांतून अकरा बाटल्या भरून पाठवल्या. बाटल्यांवर नाव नव्हतं, नुसते नंबर. कुणाचा हात कुणासाठी सैल पडू नये म्हणून तशीच रीत होती, आणि चिझुरुला ती मनापासून पटलेली होती.

शोधायचा होता तो लेजिओनेला नावाचा जंतू. कोमट पाण्यात, नळ्यांच्या आतल्या बुळबुळीत थरात तो सुखानं राहतो. ते पाणी प्यालं तर सहसा काही करत नाही. पण पाण्याचं धुकं झालं, वाफारा झाला आणि श्वासाबरोबर छातीत गेलं, की तिथं घर करतो.

कालच तिनं प्रत्येक बाटलीतलं अर्धा लिटर पाणी नखाएवढ्या जाडीच्याही नसलेल्या पडद्यातून खेचलं होतं. दहा बाटल्या सरळ उतरल्या. सात नंबरची उतरेना; पंप कण्हत राहिला आणि पडद्यावर बोट फिरवावं तर सरकेल असा लेप उरला. मग त्यातल्या जंतूंच्या पेशी फोडायच्या, जनुकाचा धागा वेगळा करायचा आणि यंत्रात ठेवायचा. शोधतोय तो तुकडा सापडला तर यंत्र त्याची नक्कल करतं, नकलेची नक्कल करतं, दर फेरीला दुप्पट. जितक्या लवकर यंत्राच्या स्क्रीनवरची रेघ वर उठेल, तितके ते पाण्यात जास्त. दहा रेघा चाळिसाव्या फेरीपर्यंत जमिनीला चिकटून झोपल्या होत्या. सातवी चोविसाव्यालाच उठली.

"मेलेल्यांचीही नावं येतात यात," ओनोदेरा-सान म्हणाले होते. ते विभागाचे प्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं आणि डोक्यावर केस साधारण तेवढेच. "आमच्या नगरपालिकेसारखं आहे तुमचं हे यंत्र. काका जाऊन तीन वर्षं झाली, अजून दर वर्षी त्यांना दीर्घायुष्याच्या शुभेच्छा येतात."

म्हणणं खोटं नव्हतं. कुणी कडक गरम पाणी सोडून सगळे मारले असतील, तरी त्यांचे धागे पाण्यात तरंगत राहतात. म्हणून कालच्या गाळाचा निम्मा भाग तिनं राखून ठेवला होता. आज सकाळी त्यात तिनं एक रंग घातला. हा रंग फक्त मेलेल्यांच्या फाटक्या कातडीतून आत शिरतो आणि उजेड दाखवला की त्यांच्या धाग्याला असा घट्ट बिलगतो, की यंत्राला नक्कल करताच येत नाही. मग उरतात फक्त जिवंत.

ती यंत्रासमोर बसून राहिली. बाहेर बर्फ काढणारी गाडी गुरगुरत गेली. अठरा, वीस, बावीस. रेघ झोपलेलीच. चोवीस. तिनं सुटकेचा श्वास घ्यायला छाती भरली आणि पंचविसाव्या फेरीला सातव्या रेघेनं डोकं वर काढलं.

"ओनोदेरा-सान."

ते चहाचा कप घेऊन आले, वाकून बघितलं आणि कप ठेवायला जागा शोधत राहिले.

"निम्मे तरी जिवंत आहेत," चिझुरु म्हणाली.

"ताटल्या कधी बोलणार?"

"सात जानेवारी."

नियम असा, की स्नानघर बंद करायचं ते ताटलीवर जंतू वाढवून, मोजून. त्याला दहा दिवस. यंत्राचं म्हणणं नुसती माहिती म्हणून. आज अठ्ठावीस डिसेंबर. तीन दिवसांत शहरांतली नातवंडं खोऱ्यात उतरणार, आणि एकतीस तारखेच्या संध्याकाळी पाळण्यातल्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळं खोरं वाफेत गळ्यापर्यंत बसणार.

"दहा दिवसांनी मी बरोबर ठरेन," ती म्हणाली. आपला आवाज चढलाय हे तिला कळत होतं. "पण तोवर तिथं किती जण श्वास घेतील, ओनोदेरा-सान?"

त्यांनी टकलावरून हात फिरवला. "मी तुमच्यासारखा धीट नाही. पण दोनच वर्षं राहिलीत. फार तर काय, मला तळघरात पाठवतील. तिथं हीटर चांगला आहे." आणि त्यांनी आरोग्य खात्याला फोन लावला.

ते फोनवर बोलताना नेहमीच उभे राहत आणि पलीकडच्या न दिसणाऱ्या माणसापुढे वाकत. आताही वाकत होते. सात नंबर आजच बंद करा. हो, जिवंत. हो, जबाबदारी माझी. मग पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं आणि ते वाकलेलेच थांबले. फोन ठेवल्यावरही त्यांनी लगेच मागं वळून पाहिलं नाही.

"मला हे सांगायची परवानगी नाही," ते म्हणाले. "तुमच्या सासूबाई... उत्तर आळीच्या युमोरी ना?"

चिझुरुच्या मनात पहिल्यांदा जे आलं, त्याची तिला नंतर फार लाज वाटली. ती सासूबाईंची काळजी नव्हती, अठरा घरांची नव्हती. मनात आलं ते एवढंच: कोतो आठ दिवस तिकडे फिरकलेली नाही.

*

घरचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. ओनोदेरा-सान म्हणाले, निघा. चारलाच अंधारून आलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या माणूसभर भिंती, आणि त्यांच्यामधून ती गाडी रेटत मनाशी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. घरातल्या टबात नळाचं पाणी आहे. नवरा, तोशिया, रविवारी आला तेव्हा स्नानघरात गेला होता. पण त्याची छाती धट्टीकट्टी आहे, बंदरावर ओझी वाहणारा माणूस तो. सासूबाई रोज जातात. त्यांना आजच तपासायला न्यायचं. आणि कोतो आठ दिवस गेलेली नाही.

दार उघडलं तर घर शांत. आतल्या खोलीत दिवा.

गुडुप, गुडुप, गुडुप. बुडबुडे एकामागून एक येत होते.

फुसाए गुडघ्यांवर बसल्या होत्या. देवमाशाचं पोट उघडं होतं, त्यात फनेल, आणि पांढऱ्या कॅनमधून त्या एक थेंब न सांडता पाणी ओतत होत्या. पाण्यावरून अजून कोमट वाफ उठत होती, गंधकाच्या झऱ्याचा, सासूबाईंच्या कपड्यांना रोज येणारा तो ओळखीचा वास घेऊन. कोतो भिंतीला टेकून बसली होती. गाल जास्तच लाल.

"आई, ते पाणी कुठलं?"

"ओरडायला काय झालं? पोर दचकली ना!" फुसाएंनी झाकण फिरवलं. "आपल्याच झऱ्याचं. नळातल्या पाण्यानं का छाती मोकळी होते? तुमचे सासरे खोकायला लागले की त्यांची आई त्यांना याच पाण्याची वाफ द्यायची. पोर पाण्याकडे जाऊ शकत नाही ना, मग म्हटलं पाणीच पोरीकडे आणू."

"कधीपासून?"

"हा आणला तेव्हापासून. रोज ताजं." त्यांचा आवाज अभिमानाचा होता. मग सुनेच्या तोंडाकडे पाहून तो अर्ध्यावर विझला. "काय झालं?"

चिझुरुनं भिंतीतली वायर उपटली. धुकं क्षणभर तसंच तरंगत राहिलं, मग पोरीच्या केसांवर बसलं. तिनं कोतोला उचलून बाहेरच्या खोलीत नेलं, खिडकी उघडली. बर्फाळ हवा आत आली. पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. थर्मामीटरनं एकोणचाळीस दाखवले.

"दुपारपासून चढला ताप," फुसाए मागून म्हणाल्या. "म्हणून तर आज दोनदा भरलं."

चिझुरुनं त्यांना सांगितलं. दोन वाक्यांत: सात नंबरची बाटली आपल्या हौदाची, आणि त्यात जंतू आहे. तो धुक्यातून छातीत जातो. फुसाए उभ्याच होत्या, हातात रिकामा कॅन.

"पण झऱ्याचं पाणी थांबत नाही," त्या म्हणाल्या. "एकीकडून येतं, दुसरीकडून जातं. त्यात घाण राहील कशी? दारावर ‘वाहता झरा’ अशी पाटी आहे, चिझुरु-सान. शंभर वर्षांची."

"आई, सात नंबरचं पाणी वाहतं नव्हतं. फिरत होतं. वाहत्या पाण्यात इतके नसतात."

फुसाएंनी कॅन खाली ठेवला, अगदी हळू.

"ऑक्टोबरात जमीन हलली ना जराशी," त्या म्हणाल्या. "त्यानंतर झरा रोडावला. हौद अर्धाच भरायचा. सगळे माझ्याकडे बघायला लागले, की बाई बसवली आणि पाणी रुसलं. म्हणून एक पंप लावला, भिंतीच्या मागं. हौदातलंच पाणी गरम करून परत हौदात. फक्त हिवाळ्यापुरतं. खात्याला कळवलं असतं तर पाटी उतरवावी लागली असती आणि औषध घालावं लागलं असतं. माझ्या हातून पाटी उतरली असती. मी घासत होते हो रोज! गुडघे फुटेपर्यंत घासत होते."

हौद त्या घासत होत्या. नळीच्या आत ब्रश जात नाही, आणि नळीच्या आत डोळाही जात नाही.

"खात्याचा माणूस बाटली भरायला आला तेव्हा?"

"तासभर आधी पंप बंद केला होता. ताजं पाणी सोडलं होतं."

चिझुरुनं रिकामा कॅन उचलून पाहिला. म्हणजे बाटलीतलं पाणी त्यातल्या त्यात चांगलं होतं. "आणि हे कॅनमधलं?"

"भिंतीतल्या तोटीतून. पंपाजवळच्या." फुसाए कॅनचं झाकण शोधू लागल्या. "ते जास्त गरम असतं. पोरीला गार लागू नये म्हणून."

*

रुग्णालयात तरुण डॉक्टरनं लघवीची तपासणी केली आणि पंधरा मिनिटांत हसत बाहेर आला. "लेजिओनेला नाही, बाई. निश्चिंत राहा."

"ती तपासणी एकाच गटाला ओळखते," चिझुरु म्हणाली. "बाकीच्या गटांना ती आंधळी आहे. आमच्या पाण्यातला कुठल्या गटातला, ते अजून मलाच माहीत नाही. आधी औषध सुरू करा. चुकलं तर मी पाया पडून माफी मागेन."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग छातीच्या फोटोकडे. उजवीकडे खाली, पिसासारखा एक पांढुरका डाग होता. त्यानं पुढं काही विचारलं नाही आणि औषध सुरू केलं.

फुसाए तासाभरानं पोचल्या. वाटेत त्यांनी स्नानघराला कुलूप घातलं होतं. स्टुलावर चढून पाटी स्वतःच्या हातांनी उतरवली होती, आणि तिथल्याच फोनवरून यादी घेऊन एकेका घराला सांगितलं होतं: पंप होता, मी लपवला, पाण्यात उतरू नका, खोकला असेल तर आजच डॉक्टरकडे जा. सतरा फोन. चौथ्या घरातल्या म्हाताऱ्यानं ‘बरं बरं’ म्हणता म्हणता इतका वेळ खोकला काढला, की फोन त्याच्या सुनेला घ्यावा लागला. नवव्या घरात कुणी उचललाच नाही.

त्या खोलीत आल्या नाहीत. बाकावर कोट न काढता बसल्या आणि मधूनच तोंडाला रुमाल लावून खोकल्या. चिझुरुनं तो खोकला ऐकला. "आई, तुम्हीही तपासून घ्या."

"आधी तिचं होऊ दे."

"आई, घ्या म्हणते ना!" सुनेनं सासूला असं दटावलेलं त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं. फुसाए निमूट उठल्या आणि नर्सच्या मागून गेल्या, आणखीच लहान दिसत.

जायच्या आधी त्यांनी कोटाच्या खिशातून एक बरणी काढून बाकावर ठेवली होती, धुऊन उकळलेली, फडक्यात गुंडाळलेली. आत देवमाशाच्या पोटातलं पाणी. "तुम्हाला लागेल," एवढंच म्हणाल्या होत्या.

लागणार होतंच. पहाटे ओनोदेरा-सान स्वतः येऊन बरणी घेऊन गेले. नळ्यांवरच्या म्हाताऱ्याच्या कफातला जंतू आणि हा, दोन्ही धागे शेजारी शेजारी ठेवून एकच आहेत का, ते पाहायचं होतं. पोरीचा कफ मिळाला तर तोही. पण पाच वर्षांच्या पोरीला कफ बाहेर टाकता येत नाही, ती गिळून टाकते. नर्सनं तीनदा प्रयत्न करून सोडून दिलं.

उजाडलं तेव्हा ताप एकोणचाळीसवरच होता. नाकाखाली प्राणवायूची नळी, हाताला सलाईन. चिझुरु पलंगाला टेकून बसली होती, पोरीची पावलं आपल्या मुठींत धरून. कोतोनं डोळे उघडले. उशाशी चाचपलं.

"देवमासा कुठंय?"

"घरी आहे. झोपलाय."

"त्याला बरं नाहीये का?"

"हं. जरा."

पोर विचार करत राहिली. श्वास घेताना तिची नाकपुडी फुलत होती, आणि छातीत काहीतरी अगदी बारीक वाजत होतं, पाण्यातून वर येणाऱ्या बुडबुड्यासारखं. मग तिनं सुई नसलेला हात उचलला, आईचा तळवा ओढून आपल्या तोंडासमोर धरला आणि त्यावर फुंकर घातली. गरम, ओलसर फुंकर.

"घे," ती म्हणाली. "तुझ्या यंत्रात घाल आणि विचार. आई, माझ्यात कोण राहतंय?"